मांजरीनं सोडलेली खोली

द्रौपदाबाईच्या कापसात ग्रेडर हात घालत नसे.

बाकीच्यांची गाडी खरेदी केंद्रावर आली की तो सदऱ्याची बाही मागे सारायचा, कोपरापर्यंत हात खुपसून आतला मूठभर कापूस ओढून काढायचा, चिमटीत दाबायचा, नाकाशी न्यायचा आणि "ओला आहे" नाहीतर "पत्ती फार" म्हणत चिठ्ठीवर खालचा दर्जा लिहून मोकळा व्हायचा. द्रौपदाबाईचा नवरा झुलाल गाडी घेऊन आला की मात्र एवढंच विचारायचा, "बाईंनीच वेचलाय ना?" आणि वरवर पाहून गाडी काट्याकडे सोडायचा. रांगेतले मागचे गाडीवाले खाकरायचे. झुलाल मान खाली घालून बैलांचे कासरे ओढायचा. चार वर्षं हे असंच चाललं होतं.

त्यांचं गाव शिंदखेडा तालुक्यातलं, केंद्र असलेल्या नरडाणा स्टेशनापासून चार कोसांवर. द्रौपदाबाई सातव्या वर्षापासून कापूस वेचत आलेली, आता पंचेचाळिशीला टेकलेली. वावरातलं दव वाळल्याशिवाय ती बोंडाला हात लावायची नाही. तिच्या कापसाला वाळल्या पानाचा कण चिकटलेला कोणी पाहिला नव्हता. वेचलेला कापूस धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, दोन उन्हं खाल्ल्याशिवाय खोलीत जायचा नाही.

"वं माय, कापूस सुकाडस का पापड?" शेजारणी हसायच्या.

ती हसायची नाही. त्याला कारण होतं. तिच्या वडिलांचं नाव आधार. ती दहा वर्षांची असताना धुळ्याच्या बाजारातून त्यांची गाडी परत आली होती. वजन वाढावं म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांनी कापसावर पाणी शिंपडलं होतं. गावात बरेच जण शिंपडायचे. सापडले ते आधार. दलालाने भर बाजारात मुठीतला कापूस पिळून दाखवला आणि ओरडला, "अरे, हा शेतकरी का पाणक्या?" त्या दिवसापासून मरेपर्यंत तो माणूस आधार पाणक्याच राहिला. द्रौपदाबाई लग्न होऊन या गावात आली तेव्हा मांडवातसुद्धा कोणीतरी कुजबुजलं होतं, पाणक्याची पोर. ते नाव तिने आपल्या दहा बोटांनी पुसलं. पुसायला पंचवीस वर्षं लागली.

अठ्ठ्याऐंशी साली पाऊस मनासारखा झाला. दसऱ्यापासून झुलालच्या घरात माणसांपेक्षा कापूस जास्त. आतली मोठी खोली खालपासून वरपर्यंत भरली. छताला उजेडासाठी ठेवलेल्या भोकाला कापूस टेकला. पाय देऊन देऊन, तुडवून तुडवून भरलेला. खोलीत शिरायला दाराशी जेमतेम हातभर जागा. घरातल्या प्रत्येकाने या कापसात आपापली जागा धरली होती. झुलाल राखणीला म्हणून त्यावरच झोपायचा. टिप्या कुत्रा खोलीच्या उंबऱ्यावर आडवा पडायचा. आणि काजळी नावाची मांजर, डोळ्यांना कोणी काजळ घातल्यासारखी, पोट सांभाळत कापसाच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसायची. लेक प्रमिला सावद्याला दिलेली, ती पाडव्याला येणार होती. तोवर घरात दोघंच. पण संध्याकाळी ओट्यावर माणसं जमायची. शेजारची बेबाबाई वाती वळत बसायची आणि झुलालचा लहानपणापासूनचा दोस्त रुपचंद पत्ते पिसायचा. रुपचंदचं घर गल्लीच्या तोंडाशी, आणि तोंड गल्लीभर.

"झुलाल," तो एकदा पानं वाटता वाटता म्हणाला, "तुन्ही बायको कापूस सुकाडी-सुकाडी इतला हलका करी टाकस, एखादा दिन काट्यावरथीन उडी जाई."

"उडू दे. मी मांगे पयसू."

"तू काय पयशी! तू ते बाईना गाडीवाला."

ओटा हसला. झुलालही हसला, पण त्याचं हसू सगळ्यांच्या मागून आलं आणि सगळ्यांच्या आधी थांबलं. दारात भाजी निवडणाऱ्या द्रौपदाबाईच्या ते ध्यानात आलं.

रुपचंदने आवाज खाली आणला. "बठ्ठं गाव दोन-दोन बादल्या पानी मारस. तुम्हनाच तेवढा सोवळा."

"रुपचंदभाऊ," दारातून उत्तर आलं, "ज्यान्या घरमा पानी जास्त व्हयनं व्हई, त्यानी तुळसले टाकवं."

"घ्या!" बेबाबाईने टाळी दिली. "काय भाऊ, उतरनी का?"

रुपचंदने कान पकडले. झुलाल पत्त्यांकडे पाहत राहिला.

कोजागिरीला काजळी व्याली. चार पिल्लं, कापसाच्या मागच्या कोपऱ्यात. द्रौपदाबाईने दुधाची पहिली वाटी तिला नेऊन दिली. "बाळंतीण शे," ती झुलालला म्हणाली, "तिले लाथ लागू देऊ नका." आणि झुलाल त्या रात्रीपासून अंग चोरून झोपू लागला. असा तो भला माणूस होता. खोटं बोलायची सवय नव्हती म्हणून खोटं बोलणं जमायचंही नाही.

त्याच आठवड्यात बातमी आली, सोमवारी खरेदी केंद्राचा काटा सुरू होणार. पहिल्या दिवशी गाडी लागली तर दिवाळीआधी मोकळं. रविवारी द्रौपदाबाई आणि बेबाबाई शिंदखेड्याला गेल्या, पणत्या, सुगंधी तेल, प्रमिलाला लुगडं. एसटीने परत येईपर्यंत दिवस कलला होता. अंगणातला रांजण रिकामा. सकाळी तिने स्वतः काठोकाठ भरलेला.

"रांजण कसा कोरडा पडना?"

"बैल पी ग्यात," झुलाल म्हणाला. तो हे जमिनीकडे पाहून म्हणाला.

"बठ्ठा?"

"तापेल व्हतात."

बाजाराने तिचे पाय भरून आले होते. तिने विषय सोडला आणि भाकरी टाकायला बसली.

सोमवारी पहाटे गाडी जुंपून तयार. झुलाल कापूस काढायला वाकणार, तेवढ्यात रुपचंद गल्लीतून जवळजवळ धावतच आला. केंद्रावर पोत्यांचं बारदान आलं नव्हतं. काटा दिवाळीनंतर.

झुलालने बैलाच्या पाठीवर हात टेकला. गाडी सोडायला तो हललाच नाही.

"अहो, इतलं काय?" द्रौपदाबाई म्हणाली. "दहा दिवसनी गोट. कापूस काय दूध शे, नासाले?"

रुपचंद आणि झुलाल यांची नजरानजर झाली. रुपचंद म्हणाला, "तेच ते, वहिनी," आणि चहा न घेता गेला. तो चहा सोडून गेल्याचं या घराला आठवत नव्हतं.

ती पुढे म्हणाली, "मंग आज धाब्यावर पसारी देऊ. आखो एक ऊन लागी."

"नको!"

बैल बिथरले. झुलाल तिच्यावर ओरडला होता. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि तो ओरडल्याचे प्रसंग तिला एका हातावर मोजता आले असते.

"नको," तो हळू म्हणाला. "मी दाबीदुबी ठेयेल शे. तू हात लावू नको. मी पाहस."

त्या दिवसापासून खोलीचा कडी-कोयंडा त्याने आपल्या हाती घेतला. दार उघडायचा तोच, लावायचा तोच.

पाचव्या दिवशी दुपारी काजळी बाहेर आली. तोंडात पिल्लू. अंगण ओलांडलं, कुंपणाखालून बेबाबाईच्या गोठ्यात गेली. तिथे ठेवून परत आली, दुसरं उचललं. असं चारदा. चौथं पिल्लू नेताना उंबऱ्यावर थांबून तिने मागे खोलीकडे पाहिलं आणि कान मागे पाडले.

"मांजर सात घर फिराडसच वं, अक्का," बेबाबाई म्हणाली. "हाई पयलं."

"फिराडस, ते खरं." द्रौपदाबाईने वाटीत दूध ओतून उंबऱ्याच्या आत ठेवलं. "काजळी, ये. ये वं बाई."

काजळी आली. वाटीपासून दोन हातांवर थांबली. नाक वर करून तिने हवा हुंगली, मग मागे सरकत सरकत, पाठ न दाखवता, अंगणाबाहेर गेली. वाटी तशीच. संध्याकाळी द्रौपदाबाईने ती वाटी अंगणापलीकडे नेऊन ठेवली, तेव्हा काजळीने एका दमात चाटून पुसली.

बेबाबाईच्या हातातली वात सुटली. "भूक ते शे तिले," ती म्हणाली. "मंग घरमा काय दखायनं?"

"तिले कोन्ही हुसकारं का?" द्रौपदाबाईने नवऱ्याला विचारलं.

"मी कसाले हुसकारू?"

ते मात्र खरं होतं. ते खरं बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणूनच तिला कळलं की बाकीचं बोलताना तो पाहत नाही.

मग टिप्याने जागा बदलली. कार्तिकाची थंडी तोंडावर आली होती, पहाटे अंगणात तोंडातून वाफ निघायची. टिप्या उंबरा सोडून घराच्या मागच्या बाजूला जाऊ लागला आणि खोलीच्या भिंतीला पाठ चिकटवून झोपू लागला. द्रौपदाबाईला वाटलं, उन्हाला बसला असेल. मग तिच्या ध्यानात आलं की त्या बाजूला सकाळचं ऊन येतच नाही. तिने भिंतीला हात लावला. मातीची भिंत, चुलीमागची असावी तशी लागली. तिने हात काढला, पदराला पुसला, दुसरा हात लावून पाहिला. चूल घराच्या दुसऱ्या टोकाला होती.

"भित गरम कशी लागस?"

"दिवसनं ऊन धरी ठेवस मातीनी भित," झुलाल म्हणाला.

"डोकं दुखस का तुम्हनं?" कारण तो सकाळपासून कपाळ दाबत होता.

"झोप नही लागनी."

"मंग तठे झोपू नका."

"तठेच ऊब लागस," तो म्हणाला. "बरं वाटस." आणि मग उगाचच, "राखन नको का कराले?"

तो वाकला तेव्हा त्याच्या मानेवर बनियनच्या काठाला काहीतरी चिकटलेलं तिला दिसलं. तिने सवयीने चिमटीत उचललं. आयुष्यभर कापसातून कचरा वेचणारी बोटं, त्यांना विचारावं लागत नाही. कडुनिंबाचं पान. बारीक, करवतीच्या काठाचं, वाळून काळं पडलेलं. तिने ते तळहातावर ठेवून पाहिलं आणि फुंकर मारली. त्यांच्या वावरात कडुनिंबाचं झाड नव्हतं. वावरात नव्हतं, पण अंगणात होतं. तिथलं उडून पडलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. तिला ते पटलं नाही, पण सण तोंडावर होता आणि हाताला शंभर कामं.

वास दिवाळीच्या दोन दिवस आधी सुरू झाला. आधी ओल्या घोंगडीचा, मग मोड आलेल्या धान्याचा. वसुबारसेला बेबाबाई गायीचा नैवेद्य घेऊन आली आणि ओट्यावरच थबकली. "अक्का, दूध करपनं का?"

"आज दूध तापाडंच नही मी."

दोघी उभ्या राहून हुंगत राहिल्या. वास येत होता, जात होता. झुलालने आतून उदबत्त्यांचा पुडा आणला आणि एकदम सहा लावल्या.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारपासून गल्ली फटाक्यांनी दणाणली. पोरं लवंगी माळा सोडून एकेक फटाका वाजवत होती. दारोदार शेणसडा, ओळीने पणत्या मांडलेल्या, वाती तेलात भिजत पडलेल्या. वीज नेहमीसारखी गेलेली. द्रौपदाबाईने मधल्या घरात पाट मांडला, नवा केरसुणीचा फडा ठेवला, लाह्या-बत्तासे काढले आणि हाक मारली, "प्रमिलाना बाप! उठा आते, दिवस बुडी राहिना."

 झुलाल जेवून खोलीत जाऊन पडला होता, त्याला चार तास झाले होते.

तिने दार ढकललं. आतून कडी नव्हती. दार उघडताच तोंडावर ऊब आली, दमट, जड, भट्टीच्या तोंडाची नव्हे तर आजारी माणसाच्या पांघरुणातली. झुलाल ढिगाच्या उतारावर पडला होता. चेहरा लाल, ओठ कोरडे, कपाळावर घाम. तिने हाक मारली, हलवला, तरी डोळे अर्धेच उघडले. तिने त्याच्या बखोटीला धरून ओढत ओढत त्याला उंबऱ्याबाहेर काढलं, तोंडावर तांब्यातलं पाणी मारलं. तो खोकत उठून बसला.

ती परत आत गेली. बाही कोपराच्या वर सारली आणि हात ढिगात घातला.

मनगटापर्यंत कोमट. त्याच्या आत गरम. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा बोटांना असं लागलं की चुलीतल्या राखेत घातली. तिने मूठ भरून हात बाहेर ओढला. मुठीत कापूस होता असं म्हणायचं म्हणून म्हणायचं. पिवळा, तपकिरी, शिजल्यासारखा चिकट. आणि त्यात अडकलेली कडुनिंबाची अख्खी डहाळी, पानांसकट.

पाण्यात बुडवून शिंपडायला घेतात तशी.

ती डहाळी तिने उंबऱ्यावर, नवऱ्याच्या पायाशी ठेवली. ओरडली नाही. ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

"किती?"

झुलालने मान खाली घातली.

"मी इचारी राहिनू, किती?"

"तीन बादल्या."

"खरं सांगा."

"तीन मन्ह्या." त्याने थुंकी गिळली. "दोन रुपचंदन्या. धाब्यावरथीन, भोकमाईन. मले वाटनं सोमवारले जाई कापूस, कोनले कयी? एक डाव... एक डाव मन्हा हातनं वजन दखाडू म्हंत."

 बाहेर फटाका फुटला. दोघंही दचकली.

"मन्हा बाप ठावका व्हता ना तुम्हले?"

"व्हता."

"ठावका राहीसनबी."

त्याने तोंड हातांत धरलं. मग एकदम, लहान मुलासारखं, म्हणाला, "पन पानीघाई कधी आग लागस का वं? पानीघाई?"

 ढिगाच्या माथ्यावरून, छताच्या भोकाच्या बरोब्बर खालून, दोऱ्याएवढी बारीक धुराची रेघ निघाली होती. ती रेघ भोकातून सरळ वर जात होती, घाई नसल्यासारखी.

तिला कळायला वेळ लागला नाही. ओला, तुडवून भरलेला कापूस आतल्या आत कुजून तापला होता आणि आता धुमसत होता. घरात राहिला तर आज नाहीतर उद्या पेटणार. घर कापसाने भरलेलं, छताच्या मातीखाली लाकूड, भिंतीला भिंत लागून बेबाबाईचं घर आणि पुढची सगळी आळी. बाहेर काढावा तर गल्लीत शंभर पणत्या आणि पोरांच्या हातात फुलबाज्या. ढीग फोडायचा तर आधी गल्ली अंधारी करायला हवी. लक्ष्मीपूजनाच्या तिन्हीसांजेला. आणि घरोघरी जाऊन ते सांगायचं तर कशासाठी, हेही सांगायला हवं.

"मी जास," झुलाल उठायला गेला आणि भिंत धरून खाली बसला. 

द्रौपदाबाईने पदर खोचला. उंबऱ्याबाहेर पाय टाकण्यापूर्वी तिने आपल्या तळहातांकडे पाहिलं. एवढंच. मग ती निघाली.

पहिलं घर बेबाबाईचं. "बेबा, आज दिवा लावू नको."

"काय बोलस, अक्का? आज?"

"आम्हना कापूस वला व्हता. मझार पेटी राहिना. बाहेर काढना पडी."

बेबाबाईने तोंडावर हात घेतला. "तुन्हा कापूस? वला?"

"आम्हना," द्रौपदाबाई म्हणाली. "आम्ही पानी मारं व्हतं."

हेच तिने पुढच्या दारी सांगितलं, त्याच्या पुढच्या दारी सांगितलं. बावीस दारं. दर वेळी तेच शब्द, त्याच आवाजात, जणू निरोप दुसऱ्या कोणाचा आहे.  एका दारात कोणीतरी म्हणालं, "वा रे सोवळं!" एका म्हातारीने लक्ष्मीला अंधारात बोलवायचं का म्हणून कडाकडा बोटं मोडली, आणि मग स्वतःच पदराने वात विझवली. पोरांच्या फुलबाज्या काढून घेतल्या, पोरं रडू लागली. मागे वळून पाहिलं तर गल्ली एकेक करत काळी होत येत होती, आणि अंधाराच्या त्या टोकाला तिचं घर.

शेवटचं घर रुपचंदचं. तिथे पणत्या आधीच पेटल्या होत्या, पंचवीस-तीस, नव्या तेलाच्या. रुपचंद दारातच उभा होता. निरोप तिच्या आधी पोचला होता.

"आम्हना कापूस..." तिने सुरू केलं.

"वहिनी, नका," तो म्हणाला. तो खाली बसला आणि एकेक वात बोटांच्या चिमटीत धरून विझवत गेला. चटके बसत होते. तो हात झटकत नव्हता. शेवटची विझवून त्याने मान वर केली. "मन्हं नाव सांगं का?"

"नही."

तो उठला आणि तिच्या पुढे धावत सुटला.

अमावास्येचा अंधार, दोन बॅटऱ्या, आणि बावीस घरांतली माणसं. अंगणात घागरी ओतून जमीन ओली केली. चादरी, धोतरं, लुगडी, मिळेल त्यात कापूस भरून माणसं हातोहात बाहेर काढत होती, गल्लीभर पातळ पसरत होती.  अंधारात तो पांढरा कापूस पसरत पसरत आळीच्या तोंडापर्यंत गेला. मग हळूहळू पांढरा संपला, पिवळा येऊ लागला, मग तपकिरी. धूर वाढला. आतले लोक खोकत बाहेर यायचे, तोंडाला ओलं फडकं बांधून परत जायचे.

"सरका!" झुलालचा आवाज. तो सावरून आत शिरला होता, कोणाचं न ऐकता. ढिगाच्या पोटात त्याला सापडलं ते: घागरीएवढं, कोळशासारखं काळं ढेकूळ. वरचा कापूस हलताच त्याला वारा लागला आणि काळ्याच्या भेगांतून लाल रेषा दिसल्या. एका बाजूने त्याने घमेलं लावलं, दुसऱ्या बाजूने रुपचंदने. दोघांनी ते उचललं, धावत अंगणात आणलं आणि बैलांच्या दगडी डोणीत टाकलं. पाणी किंचाळल्यासारखं फुसफुसलं. वाफेत दोघांची तोंडं दिसेनात.

नंतर कितीतरी वेळ कोणी दिवा लावला नाही. कोणी सांगितलं नव्हतं तरी.

घर वाचलं. आळी वाचली. अर्ध्याहून जास्त कापूस पिवळा पडून गेला, त्याला केंद्रावर कोण विचारणार. झुलालच्या कपाळाचा ठणका आठवडाभराने गेला, हातावरचा भाजल्याचा डाग गेला नाही. पूजा दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. पाडव्याला प्रमिला आली ती दारातच थांबली, तो वास घरातून गेला नव्हता. आणि नाव परत आलं. शाळेतून येणारी पोरं लांबून ओरडायची, "झुलाल पाणक्या!" झुलाल ऐकायचा. एकदा द्रौपदाबाई दगड उचलून धावली, तेव्हा त्याने तिचा हात धरला. "राहू दे," तो म्हणाला. "खरं शे."

काजळी परतली नाही. पिल्लं मोठी झाली, दोन बेबाबाईने ठेवली. काजळी रोज अंगणाच्या कडेला यायची, दूध प्यायची, दाराकडे पाहून निघून जायची. द्रौपदाबाई तिला आत बोलवत नसे. मात्र टिप्या कुठे झोपला आहे, हे ती रोज पहाटे उठल्या उठल्या पाहायची, आणि चूल पेटवण्याआधी मागच्या भिंतीला हात लावून यायची.

संक्रांतीच्या आधी दुसऱ्या वेचणीचा कापूस घेऊन गाडी केंद्रावर गेली. या वेळी ती स्वतः गाडीबरोबर गेली, वर बसून. कापूस तिने तीन उन्हं वाळवला होता. रांगेत रुपचंदची गाडी त्यांच्या मागे होती. आज मागून कोणी खाकरलं नाही, ते जास्त लागत होतं.

ग्रेडर आला. त्याने झुलालकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बाईंनीच वेचलाय का, हे विचारलं नाही. चार कोसांवर बातमी यायला दोन महिने पुष्कळ. त्याने सदऱ्याची बाही कोपरापर्यंत मागे सारली आणि हात कापसात खुपसला.

झुलालने मान फिरवली. द्रौपदाबाईने फिरवली नाही. मनगट गेलं, मग अर्धा हात. तिथे ग्रेडर थांबला आणि मूठ भरू लागला.

"अजून आत घाला, साहेब," ती म्हणाली. "मधी पाहा."